पाचवीचा कोरा कागद

आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत कोणी कोर्टाची पायरी चढलेले नाही, ही गोष्ट आमच्याकडे एखाद्या पदवीसारखी सांगतात. आजोबांनी भाऊबंदकीत आंब्याची दोन कलमे आणि विहिरीतला अर्धा वाटा सोडून दिला, पण वकिलाचे तोंड पाहिले नाही. वडिलांनी भाडेकरूचे सहा महिन्यांचे थकलेले भाडे सोडले आणि वर त्याच्या सामानाच्या हातगाडीचे पैसेही भरले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आमच्याकडे भिंतीवर टांगायची तेवढी राहिली आहे. मी मराठी शिकवतो, त्यामुळे म्हणींकडे जरा संशयाने पाहण्याची मला सवय लागली आहे. म्हण खोटी नसते. पण ती कोणी, कोणाला आणि कोणत्या वेळी ऐकवली हे पाहिल्यावाचून तिचा अर्थ लागत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात ती आमच्या घरात दिवसातून दोनदा तरी ऐकू येई, आणि ऐकवली जाई ती माझ्या बाळंतीण बहिणीला.

पहिले बाळंतपण माहेरी, हा नियम. आता माहेर म्हणजे आई, मी आणि माझी पत्नी. प्रसूतिगृह आमच्या माहितीतले. माझ्या दोन्ही मुलांचा जन्म तिथलाच, आणि डॉक्टरबाई तर रस्त्यात भेटल्या तरी मुलांच्या परीक्षेची चौकशी करणाऱ्या. ११ जुलैला पहाटे बाळाचे डोके बाहेर आले आणि खांदा आतच अडकला. आईच्या ओटीपोटाखाली पुढच्या बाजूला जे हाड असते, त्याच्यामागे बाळाचा खांदा अशा वेळी अडकून बसतो. मग घड्याळातली मिनिटे मोजावी लागतात, कारण नाळेवर दाब असतो आणि बाळाला श्वास घेता येत नाही. मुलगी झाली, चार किलो दोनशे ग्रॅमची. रडली, गुलाबी झाली, डावी मूठ तिने घट्ट वळली. उजवा हात मात्र ओल्या फडक्यासारखा अंगाशी पडून राहिला.

मानेतून पाच नसांची मुळे निघतात आणि त्यांचा एक गुंता होऊन पुढे हाताकडे जातो. खांदा अडकला असताना तो गुंता ताणला जातो. कधी नुसता ताणतो, कधी तुटतो. ताण असेल तर बहुतेक मुलांचा हात काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतो. तीन महिने होऊनही कोपर वाकत नसेल, तर तज्ज्ञांकडे जावे लागते आणि कधी शस्त्रक्रियाही करावी लागते. हे सगळे मला पुढे कळले. त्या दिवशी डॉक्टरबाई एवढेच म्हणाल्या, "होतं असं कधीकधी. होईल बरं."

या वाक्यावर मी नंतर फार दिवस घालवले. आपल्या भाषेत कर्त्यावाचून चालणारी क्रियापदे आहेत. उजाडले, सांजावले, मळमळले. वर्गात मी ती मोठ्या कौतुकाने शिकवतो. उजाडण्याला कोणी जबाबदार नसते हे ठीकच आहे. पण खांदा अडकला, हात लुळा पडला, असे झाले, असे होते, ही वाक्ये बोलता बोलता त्याच ओळीत जाऊन बसतात. त्यात लबाडी असतेच असे नाही. खरोखरच कर्ता नसेल, तर वाक्य बरोबर आहे. पण तो नाही, हे कोणीतरी पाहून सांगितलेले असावे.

पाचव्या दिवशी आईने पाचवी पुजली. पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवले, रात्रभर समई तेवत ठेवली. सटवाई येते आणि बाळाचे नशीब लिहून जाते. सकाळी आईने तो कागद घडी करून बाळाच्या उशाखाली सरकवला आणि म्हणाली, "तिनं लिहिलं असेल तसं होईल." आईच्या श्रद्धेची मी थट्टा करत नाही, त्या आठवड्यात घरात शांत झोप लागणारी ती एकटीच होती. मला इतकेच वाटत होते, की सटवाईचा कागद कोणाला वाचता येत नाही, पण प्रसूतिगृहातल्या कपाटात दुसरा एक कागद आहे आणि तो वाचता येण्यासारखा आहे.

त्या वर्षी अधिक श्रावण होता. जावईबापू वाण घ्यायला आले. तेहतीस अनारशांचे तबक पुढे ठेवून आई त्यांना ओवाळायला उभी राहिली, आणि ते म्हणाले, "केस करायचीच." त्यांच्या एका मित्राने तर पहिल्याच दिवशी प्रसूतिगृहाच्या काचा फोडायला हव्या होत्या, असे मत दिले होते. (असल्या मित्रांसाठीच महाराष्ट्राने २०१० साली वेगळा कायदा केला. दवाखान्यात मारहाण किंवा मोडतोड करणे त्याने दखलपात्र गुन्हा झाले आहे.) आई म्हणाली, "ज्या बाईनं या घरातली दोन पोरं जन्माला घातली, तिच्यावर खटला?" मावशी म्हणाली, जीव वाचला हे पुष्कळ झालं. मी दोन्ही बाजू ऐकत होतो, आणि दोन्ही बाजूंना घाई होती. एकाला शिक्षा हवी होती, दुसऱ्याला विसर हवा होता. काय घडले ते कोणीच विचारत नव्हते.

विचारले ते बहिणीने. बाळ तीन आठवड्यांचे झाले होते. रात्री दोनला पाणी प्यायला उठलो, तर ती अंधारातच बाळाला घेऊन बसलेली. म्हणाली, "दादा, मी जोर कमी लावला म्हणून झालं का रे? त्या ओरडत होत्या जोर लावा, जोर लावा. मला जमेना."

ती बँकेत नोकरी करते. चारचौघींत बोलायला घाबरणारी नव्हे. तीन आठवडे हा प्रश्न मनात घेऊन ती सगळ्यांसमोर डिंकाचे लाडू खात होती. मी म्हणालो, "नाही ग." पण माझ्या 'नाही'ला आधार काय? भावाची माया, एवढाच. 'होतं असं' या वाक्यातली मोकळी राहिलेली कर्त्याची जागा तिने आपल्या नावाने भरून टाकली होती. डॉक्टरांना वाचवायला म्हणून आम्ही गप्प बसलो असतो, तर त्या गप्प बसण्याची किंमत कोण भरत होते, हे त्या रात्री मला दिसले. वकिलाकडे जायचे, हे माझ्यापुरते तेव्हाच ठरले. सकाळी मी तिला विचारले, आणि ती म्हणाली, "जाऊ. पण मी येणार. माझ्यामागं नाही."

आईची समजूत घालायला मी तिला एक जुनी हकीकत सांगितली. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुण मुलाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला टॅक्सीत घालून दोनशे मैलांवर पुण्याला आणले. तिथे भूल न देता हाड बसवण्यात आले, आणि त्याच दिवशी मुलगा गेला. वडिलांनी दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला १९६८ साली, आणि भरपाई होती तीन हजार रुपये. तीन हजारांसाठी कोणी पंधरा वर्षे भांडत नाही. त्या वडिलांना उत्तर हवे होते. डॉक्टरकडून अगदी अलौकिक कौशल्य अपेक्षित नाही, पण वाजवी कौशल्य आणि वाजवी काळजी अपेक्षित आहे, असे त्या निकालाने सांगितले, आणि आजही न्यायालये त्याचा आधार घेतात. आईने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या मुलाची आई होती का रे तेव्हा?" होती, म्हणालो. ती उठून स्वयंपाकघरात गेली. पुन्हा आडकाठी केली नाही.

माझा एक जुना विद्यार्थी वकिली करतो. वर्गात तो मागच्या बाकावर बसून कवितेच्या तासाला डुलक्या घेई. आता त्याच्यासमोर मी खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. बहीण, जावईबापू, मी आणि मांडीवर बाळ. त्याने पहिली पाच मिनिटे माझ्याकडे पाहिलेच नाही. सगळे प्रश्न बहिणीला. मग म्हणाला, "ताई, वाईट घडलं म्हणजे चूक झाली, असं कायदा मानत नाही. चांगल्या हातूनही ही दुखापत होते. आणि चूक झाली असेल, तर ती कोणत्या पायरीवर, ते दाखवावं लागतं."

पुढे त्याने सांगितले ते असे. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरवले. जिथे सर्वांनाच फुकट उपचार होतात ती रुग्णालये त्यातून वगळली. तक्रारीला मुदत दोन वर्षांची, तेव्हा घाई नको आणि झोपही नको. फौजदारीचा मार्ग वेगळा. तिथे घोर निष्काळजीपणा लागतो, असे २००५ चा निकाल सांगतो, आणि "इथं तसं काही दिसत नाही, तो विचार सोडा," हे त्याने जावईबापूंकडे पाहून म्हटले. स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे मला नवे होते. घरोघरी माहीत असायला हवे असे वाटते. आणि सर्वांत आधी केसपेपर मागा. डॉक्टरांसाठी २००२ साली जी नियमावली झाली, तिच्याप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर बहात्तर तासांत प्रती द्याव्या लागतात. कागद तीन वर्षे जपून ठेवायचे बंधनही त्यातच आहे.

अर्ज बहिणीने लिहिला, मी फक्त पोचवला. डॉक्टरबाईंनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "सर, मला विचारायचं होतं. अर्ज कशाला?" त्यांना लागले होते, हे दिसत होते. मलाही ते सोपे गेले नाही. पण विचारले असते, तर पुन्हा तेच वाक्य मिळाले असते, आणि ते ऐकून बहिणीची रात्र काही सरली नसती.

तिसऱ्या दिवशी प्रती मिळाल्या. एकोणतीस पाने. बहिणीने जेवणाच्या टेबलावर ती पसरली आणि बँकेचे खतावणीपुस्तक तपासावे तशी तपासली. डोके बाहेर आले चार वाजून दहा मिनिटांनी, बाळ चार चौदाला. "चारच मिनिटं?" ती म्हणाली. "मला वाटलं तास गेला." दोन्ही मांड्या पोटाकडे दुमडल्या, परिचारिकेने ओटीपोटावर दाब दिला, मग आत हात घालून खांदा फिरवला, असे एकेक वेळेसह लिहिले होते. खाली परिचारिकेच्या अक्षरात एक ओळ होती, मातेने सांगितल्याप्रमाणे साथ दिली. ती ओळ इंग्रजीत होती. बहिणीने ती मराठीत करून मला वाचून दाखवली, मग स्वतःशी वाचली, मग आईला हाक मारून पुन्हा वाचली.

दुसऱ्या शहरातल्या एका तज्ज्ञ बाईंना वकिलाने ती पाने दाखवली. त्यांचे मत असे पडले, की अडकल्यानंतर जे केले ते बरोबर आणि क्रमानेच केले; खांदा अडकणार हे आधी ओळखता येतेच असेही नाही. पण सातव्या महिन्यातली साखर थोडी वाढलेली दिसते, आईची साखर वाढली की बाळ मोठे होण्याचा संभव असतो, आणि त्यानंतरची तपासणी कागदावर नाही. हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

नवरात्रात मुलीने पहिल्यांदा कोपर वाकवले. त्या आनंदात आम्ही दोन दिवस फाइल विसरलो. तिसऱ्या दिवशी बहिणीने डॉक्टरबाईंना पत्र लिहून तो एकच प्रश्न विचारला, आणि त्यांनी तिला बोलावून तासभर वेळ दिला. दुसरी तपासणी तोंडी सांगितली होती, असे त्यांचे म्हणणे. मला सांगितलेली नाही, असे बहिणीचे. लिहिलेले काही नव्हते. "लिहायला हवं होतं," असे त्या शेवटी म्हणाल्या. या वाक्यातही कर्ता नव्हता, पण त्या स्वतःकडे बोट करून बोलल्या होत्या, असे बहीण सांगते.

तक्रार तिने केली नाही. करायला हवी होती, असे जावईबापू अजून म्हणतात, आणि त्यांचे चूक आहे असे मी म्हणणार नाही. मुलीचा हात खांद्यापर्यंत येतो, वरच्या फळीवरचे खेळणे ती डाव्या हाताने काढते, व्यायाम रोज चालू आहे. वकील फी घेईना. सर, तुमच्याकडून कशी घेऊ, वगैरे. बहिणीने पैसे त्याच्या टेबलावर ठेवले आणि पावती मागितली. फाइलमध्ये ती तिसाव्या पानाच्या जागी लावली आहे.