कळफलकावरची लाल टिकली

बालमित्रांनो, लॅपटॉप तुम्ही सगळ्यांनीच पाहिला असेल. त्याच्या कळफलकाखाली, तळहात टेकतो त्या जागी, एक गुळगुळीत चौकोन असतो. त्याला म्हणतात टचपॅड. त्यावर बोट फिरवलं की पडद्यावरचा बाण फिरतो. पण काही लॅपटॉपवर आणखी एक गंमत असते, बरं का! कळफलकाच्या मधोमध, जी, एच आणि बी या तीन कळांच्या बेचक्यात, हरभऱ्याएवढं एक लाल रबरी बोंड बसवलेलं असतं. त्याचं कंपनीनं ठेवलेलं नाव ट्रॅकपॉइंट. आमच्या वर्गातली मुलं मात्र त्याला 'लाल टिकली' म्हणतात, आणि मलाही तेच नाव आवडतं.

टिकली की टचपॅड, असं मला कुणी विचारलं, तर माझं मत टिकलीला. माझ्याकडचा जुना लॅपटॉप पाहून शाळेतले सहकारी हसतात. "बाई, एवढा छान टचपॅड असताना त्या बोंडाला काय चिकटून बसलात?" म्हणून म्हटलं, एकदा टिकलीची बाजू नीट मांडावीच.

आधी ती चालते कशी, ते सांगते. पाहणाऱ्याला वाटतं, की बोंड इकडेतिकडे हलत असेल. पण ते जवळजवळ हलतच नाही! त्याच्या बुडाशी दाब मोजणारे छोटे भाग असतात. धातूच्या पट्टीवर ताण आला, की तिच्यातून वीज वाहायला होणारा विरोध किंचित बदलतो. तो फरक मोजून लॅपटॉप ओळखतो, की बोटानं कुठल्या बाजूला आणि किती जोर लावला आहे. हलकेच रेटलं तर बाण गोगलगायीसारखा सरकतो, आणि जोर वाढवला की पळत सुटतो. स्कूटरची मूठ जितकी पिळावी तितकी गाडी पळते ना, तसंच. टचपॅडवर मात्र बोटालाच चालावं लागतं. चौकोनाची कड आली, की बोट उचला, पुन्हा मागे आणा, पुन्हा सरकवा!

ही युक्ती टेड सेल्कर नावाच्या अमेरिकन संशोधकाची. कळफलकावरचा हात माउसपर्यंत न्यायला साधारण पाऊण सेकंद लागतो आणि परत आणायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. तुम्ही म्हणाल, पाऊण सेकंद म्हणजे काय मोठंसं! पण गणित करून पाहा. जाऊन-येऊन झाला दीड सेकंद. एक पान लिहिताना हात चाळीस वेळा गेला-आला, तर पूर्ण एक मिनिट नुसत्या येरझाऱ्यांत गेलं. टचपॅड माउसपेक्षा जवळ असतो, त्यामुळे तिथं वेळ कमी जातो, हे खरं. तरी हात जागचा उठतोच. सेल्कर यांनी विचार केला, की हाताला बाणाकडे पाठवण्यापेक्षा बाणाचा लगामच हाताखाली आणून ठेवला तर? आयबीएम कंपनीत जोसेफ रटलेज या सहकाऱ्याबरोबर त्यांनी त्यावर काम केलं, आणि १९९२ साली थिंकपॅड ७०० सी या लॅपटॉपवर ही टिकली लोकांसमोर आली. त्या लॅपटॉपचं रूप रिचर्ड सॅपर या जर्मन रचनाकाराच्या देखरेखीखाली ठरलं होतं. जपानी लोकांच्या जेवणाच्या साध्या, चौकोनी, काळ्या डब्यासारखं ते रूप. आणि त्या काळ्या डब्यात हा एकच लाल ठिपका!

आता मला टिकली का आवडते, ते ऐका. मी मराठी टंकलेखन इन्स्क्रिप्ट पद्धतीनं करते. या पद्धतीत स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताकडे असतात, आणि बरीचशी व्यंजनं उजव्या हाताकडे. दोन्ही हात जणू जुगलबंदी करतात. टिकलीच्या भोवती कुठली अक्षरं येतात, माहीत आहे? पहिला उकार, प आणि व. दोन्ही हातांची पहिली बोटं टेकायच्या कळांवर बारीकसा उंचवटा असतो. डावीकडे पहिली वेलांटी आणि उजवीकडे र. तिथून टिकली एका बोटाच्या अंतरावर! लिहिता लिहिता बोट किंचित आत वळवलं, की बाण हवा तिथं जातो. खालच्या लांब पट्टीच्या बुडाशी तीन बटणं असतात, ती अंगठ्यानं दाबायची. त्यातलं मधलं दाबून धरून टिकली रेटली, तर पानही वरखाली सरकतं. डोळे पडद्यावर, हात जागेवर, आणि मनातलं वाक्य तुटत नाही. टचपॅडवर नेमकं उलटं होतं. प्रश्नपत्रिका रंगात आलेली असते, अंगठ्याचा खालचा भाग नकळत त्या चौकोनाला घासतो, आणि पाचव्या प्रश्नाचं वाक्य दुसऱ्या प्रश्नात जाऊन बसतं!

पण मुलांनो, टिकलीची खरी किंमत मला कळली ती चौथीतल्या एका मुलामुळे. त्याच्या तळहातांना बारा महिने घाम यायचा. वहीची पानं ओली होत, म्हणून तो हाताखाली नेहमी रुमाल घेऊन लिहायचा. कोणी हात धरायला लागलं, तर हळूच मागे घ्यायचा. संगणकाच्या तासाला तर तो रांगेत सगळ्यांच्या मागे. पाळी आली, की म्हणायचा, "बाई, माझं राहू द्या." कारण त्याचं बोट लागलं, की टचपॅडवरचा बाण वेड्यासारखा उड्या मारायचा, आणि मागची मुलं खुदूखुदू हसायची.

बाण उड्या का मारायचा? टचपॅडच्या पृष्ठभागाखाली विद्युतवाहक रेषांची बारीक जाळी असते. बोट जवळ आलं, की तिथला विद्युतभार थोडा बदलतो, आणि त्यावरून बोट कुठं आहे ते समजतं. पण पाण्यामुळेही तो बदलतो! त्यामुळे ओल कुठली आणि बोट कुठलं, हे टचपॅडला उमजेनासं होतं. टिकलीला ओल्या-सुक्याशी देणंघेणं नसतं. तिला कळतो तो फक्त दाब.

एक दिवस मी माझा लॅपटॉप वर्गात नेला आणि सगळ्यांना एक प्रयोग दाखवला. प्लॅस्टिकचं पेनाचं टोपण घेऊन टचपॅडवर फिरवलं. बाण ढिम्म! त्याच टोपणानं टिकली रेटली, तर बाण लगेच निघाला. मग मुलांची रांग लागली. तो मुलगा आला तेव्हा मी काहीच बोलले नाही. त्यानं रुमालानं बोट पुसलं आणि टिकलीवर ठेवलं. सुरुवातीला बाण त्याच्या हातून पार कोपऱ्यात गेला. तो गोंधळला. पण तसं सगळ्यांचंच झालं होतं, त्यामुळे कोणी हसलं नाही. दुसऱ्या खेपेला त्यानं जोर कमी केला. बाण सावकाश चालत नकाशावर गेला आणि नेमका आमच्या जिल्ह्यावर थांबला. "बाई, थांबला!" एवढंच तो म्हणाला. पण त्याचा चेहरा पाहायला तुम्ही हवे होतात. त्यानंतर संगणकाच्या तासाला तो रांगेत मागे राहिला नाही.

आता टिकलीचे दोषही सांगायला हवेत. ती पहिल्या दिवशी वश होत नाही. चारपाच दिवस बाण हवा तिथं थांबतच नाही, आणि बोटाचं टोक दुखतं. कधीकधी हात लावला नाही तरी बाण आपला एका बाजूला सरकत राहतो. अशा वेळी बोट पूर्ण उचलून क्षणभर थांबायचं, म्हणजे तो ताळ्यावर येतो. दोन बोटांनी चित्र मोठं-लहान करायचं असेल, तर टचपॅडच सोयीचा. टचपॅड शिकवावाही लागत नाही, म्हणून बहुतेकांना तो आवडतो. त्यात गैर काहीच नाही. कित्येक थिंकपॅडवर तर दोन्ही सोयी शेजारीशेजारी नांदतात. ज्याला जी हवी ती त्यानं घ्यावी.

मला काळजी वाटते ती वेगळीच. २००५ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणकांचा धंदा लेनोवो कंपनीनं घेतला, तरी टिकली टिकून राहिली. २०२५ मध्ये मात्र थिंकपॅड एक्स ९ हा लॅपटॉप टिकलीशिवाय आला. थिंकपॅडच्या इतर प्रकारांवर ती अजून दिसते. पण थोडे लोक वापरतात म्हणून एखादी वस्तू निरुपयोगी ठरवायची का? त्या थोड्यांमध्ये घामेजल्या हातांचा एखादा मुलगा असू शकतो. कात्र्या उजव्या हाताच्या लोकांसाठी बनतात, म्हणून डावखुऱ्या मुलीला कापताच येत नाही, असं आपण म्हणतो का? तिला वेगळी कात्री आणून देतो.

पालकांनाही एक सांगावंसं वाटतं. मुलाला एखादी गोष्ट जमत नसेल, तर लगेच "तुला येत नाही" म्हणू नका. हातातलं साधन त्याच्या हाताला साजेसं आहे का, तेवढं आधी पाहा.

आणि बालमित्रांनो, मामा-काकांकडे लाल टिकलीचा लॅपटॉप दिसला, तर त्यांना विचारून एकदा बोट ठेवून बघा. बाण पळून गेला तर वैतागू नका. जोर कमी करा. चार दिवस सराव करा, आणि मग ठरवा, तुमचं मत कुणाला!