कांद्याचा भाव आणि विमानाचा

लेक फ्रँकफर्टला असते, नाताळच्या सुमारास बाळंत होईल. म्हणून महिनाभर तिकिटांचे दर बघतोय. गुलटेकडीत आवक वाढली की कांदा पडतो, विमानात गर्दी वाढली की भाव चढतो. डिसेंबर त्यांची ऐन तेजी, १० जानेवारीनंतर उतरती. मी म्हणलं, जानेवारीत जाऊ. ही म्हणाली, "अहो, बाळ स्वस्त तिकिटाची वाट बघणारे का?"

तेही खरंच. मग हिचं डिसेंबरचं आत्ताच काढलं, दर अजून चढायच्या आत. शेंगेन व्हिसाचा अर्ज ६ महिने आधी करता येतो, तो मंजूर झालेला. पैसे परत न मिळणारं तिकीट त्याआधी काढू नका. मुक्काम ९० दिवसांच्या आतच.

लोहगावहून युरोपला थेट विमान नाही. दिल्लीमार्गे घेतलं, पण एकाच तिकिटावर. दोन वेगळी काढली तर थोडी स्वस्त पडत होती, पण पहिलं विमान लेट झालं की दुसऱ्याचे पैसे बुडाले, आणि ही एकटी जाणार. मुंबईहून थेट आहे, पण रात्रीची टॅक्सी धरली की फरक उरत नाही.

माझं तिकीट कांदा लावून झाल्यावर, जानेवारी अखेरचं बघतोय. काढणीच्या आत परत यायचंय.