कथेतला बाप आणि पडद्यावरचा बाप

भर उन्हात जॉकी बटलर रस्त्यानं धावतोय. अंगात दोन जर्सी, त्यांवर रबरी सदरा, त्यावर जाड स्वेटशर्ट. सोबत त्याचा पोरगा जो. मधेच थांबून बाप दोरीवरच्या उड्या मारायला लागतो, घामाच्या धारा लागतात आणि पोरगा कौतुकानं बघत राहतो. अंगानं मुळातच भरलेल्या या माणसाला वजन उतरवल्याशिवाय घोड्यावर बसता येत नाही. अर्नेस्ट हेमिंग्वेच्या ‘माय ओल्ड मॅन’ची ही सुरुवात.

1922 च्या डिसेंबरात पॅरिसच्या गार द लिआँ स्टेशनवर हेमिंग्वेच्या पत्नीची, हॅडलीची, सुटकेस चोरीला गेली आणि त्याची बहुतेक हस्तलिखितं तिच्यासोबत गेली. ही कथा संपादकाकडे पाठवलेली होती म्हणून वाचली. 1950 मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सनं तिच्यावर ‘अंडर माय स्किन’ हा सिनेमा काढला. दिग्दर्शक जाँ नेगुलेस्को आणि जॉकीच्या भूमिकेत जॉन गारफिल्ड.

कथा मी कॉलेजात असताना वाचली होती. सिनेमा अलीकडे, माझ्या मुलासोबत पाहिला. गारफिल्डचा डॅन बटलर लबाड आहे. इटलीत एका जुगाऱ्याला फसवून तो मुलासह पॅरिसला पळालाय. तो जुगारी, बोर्क, माग काढत येतो आणि शर्यत हरायचं फर्मान सोडतो. डॅन घोडा जिंकण्यासाठीच पळवतो, जिंकतो आणि जीव गमावतो. पोराला मान ताठ करून सांगता येईल असा बाप मिळतो.

“बरं झालं,” माझा मुलगा म्हणाला.

मग मी त्याला कथा वाचायला दिली. तिथे जोचा जीव क्झार नावाच्या घोड्यावर जडलेला असतो. शर्यतीत जॉर्ज गार्डनर हा जॉकी क्झारला मुद्दाम खेचून धरतो आणि जोच्या डोळ्यांदेखत तो हरतो. क्झार हरणार, ही टिप गार्डनरनंच बापाला दिलेली. बापाचे पैसे दुसऱ्या घोड्यावर. पुढे ओतॉयच्या रेसकोर्सवर पाण्यावरची उडी घेताना बाप मरतो. रडणाऱ्या पोराच्या कानावर दोन अनोळखी माणसांचं बोलणं पडतं: होताच तो लफंगा, भोगली करणी. गार्डनर पोराची समजूत काढतो, पण ते शब्द कानातून जात नाहीत.

मुलगा चिडला. “त्या दोघांना पोराचा तरी विचार करता आला नसता का?” बराच वेळ आम्ही वाद घातला. त्याचा राग मला पटला, पण कथेची बाजू मी सोडली नाही. जोला बापाची लबाडी आधीच दिसलेली असते, तरी त्याची माया आटत नाही. सिनेमानं बापाला शेवटी धुऊन काढलं आणि त्या मायेला सोपं करून टाकलं, असं माझं ठाम मत आहे. गारफिल्डला या डागडुजीची गरज नव्हती. लबाडी आणि पोरावरचा जीव, दोन्ही तो एकाच चेहऱ्यात पेलतो.

सिनेमा आला त्याच्या पुढच्याच वर्षी, 1951 मध्ये, गारफिल्डला अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीसमोर उभं राहावं लागलं. एकाही सहकाऱ्याचं नाव त्यानं कम्युनिस्ट म्हणून घेतलं नाही. हॉलिवूडचे दरवाजे मिटले. 21 मे 1952 रोजी हृदयविकारानं तो गेला, तेव्हा अवघा 39 वर्षांचा होता.

सिनेमा जरूर पाहा, गारफिल्डसाठी. पण कथा आधी वाचा, आणि घरात जोच्या वयाचं कुणी असेल तर त्यालाही वाचायला द्या.