न मागितलेला विमा



अणुव्रतांवर प्रवचन चालू असतं तेव्हा अचौर्याचा विषय आला की आपण बऱ्याच जणी निर्धास्त बसतो. आपण कुठे कुणाची चोरी करतो! पण जे आपल्याला दिलेलं नाही ते घ्यायचं नाही, असा या व्रताचा खरा अर्थ आहे. त्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. आपण न दिलेलं कुणी आपल्याकडून घेतलं असेल, तर ते शांतपणे परत मागणं हा भांडखोरपणा नाही. तो साधा हिशोब आहे.

हे आज लिहायचं कारण घरातलंच आहे. धाकट्या जाऊबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. त्यांचा मुलगा चिखलीत लहानसं दुकान चालवतो. त्याने एका वित्तसंस्थेकडून ३ लाखांचं वैयक्तिक कर्ज घेतलं, ५ वर्षांसाठी, १४ टक्क्यांनी. खात्यात जमा झाले २,८४,४६० रुपये. घाईगडबडीत कुणी विचारलं नाही. माझं बी. कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली, पण आकडा जुळला नाही तर मला चैन पडत नाही. पुतणसुनेला म्हटलं, "सगळे कागद घेऊन ये गं."

प्रोसेसिंग फी ३,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४० रुपये. उरलेले १२,००० कर्जाच्या विम्याचे! एकरकमी हप्ता, तोही कर्जातूनच वळता केलेला. म्हणजे हातात न आलेल्या १२,००० वरही व्याज. मी मांडून पाहिलं तर त्या रकमेचा महिन्याचा हप्ता सुमारे २७९ रुपये होतो, आणि पाच वर्षांत १२,००० चे जवळपास १६,७५० भरावे लागतात.

पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट पुढच्या पानावर होती. ई-मेलवर आलेल्या विमा प्रमाणपत्रासोबत आरोग्याचं घोषणापत्र होतं. मधुमेह आहे का? नाही. औषधं चालू आहेत का? नाही. पुतण्याला सहा वर्षांपासून शुगर आहे, रोज गोळी चालू आहे. त्याला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. फोनवर आलेला ओटीपी तेवढा त्याने सांगितला होता, कर्जाचा समजून.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पहिल्या तीन वर्षांत कंपनी चुकीच्या माहितीवरून पॉलिसीला हरकत घेऊ शकते. उद्या काही बरंवाईट झालं असतं तर दावा नाकारला जाण्याची भीती, कर्ज डोक्यावर तसंच, आणि वर आपल्या मुलाच्या नावावर एक खोटं लिहिलेलं. न दिलेलं घेतलं ते घेतलंच, सत्याणुव्रतालाही धक्का.

पुतणसून घाबरली. म्हणाली, "काकू, विमा रद्द केला आणि त्यांनी कर्जच परत मागितलं तर? ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे." शाखेतही तिला हेच ऐकवलं गेलं, की विमा सक्तीचा आहे, आणि बघायचंच असेल तर महिन्याभराने या. ही "महिन्याभराने"ची मेख ओळखा. पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत, शर्ती पसंत नसतील तर ती परत करता येते. याला 'फ्री लूक' म्हणतात. पूर्वी ही मुदत साधारण १५ दिवसांची होती, २०२४ च्या नियमांनी ती ३० झाली. महिन्याने गेलो असतो तर दार बंद. आणि सक्तीचं म्हणाल, तर बँकांनी विमा विकताना ग्राहकाचा सहभाग ऐच्छिक असावा, हे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलेलं आहे.

आम्ही काय केलं ते सांगते. मराठीत एक पानी अर्ज लिहिला. कर्ज खाते क्रमांक, प्रमाणपत्राचा क्रमांक, कागद मिळाल्याची तारीख लिहिली. "विमा मी मागितलेला नाही, घोषणापत्रातली माहिती माझी नाही, फ्री लूक मुदतीत तो रद्द करून रक्कम कर्ज खात्यात जमा करावी," एवढंच. रागाचा एक शब्द नाही. सोबत ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक. एक प्रत विमा कंपनीला ई-मेल आणि स्पीड पोस्टाने, एक शाखेत देऊन तारखेसह पोच घेतली. काउंटरवरचा मुलगा पोच द्यायला कचरत होता. त्याच्यावर ओरडून काय उपयोग, त्यालाही वरून आकडे दिलेले असतात. आम्ही शांतपणे बसून राहिलो. अर्ध्या तासाने शिक्का मिळाला.

बाराव्या दिवशी कर्ज खात्यात ११,६४० रुपये जमा झाले. जितके दिवस संरक्षण होतं त्याचा भाग आणि स्टॅम्प ड्युटी नियमाप्रमाणे कापली. कर्ज कुणी परत मागितलं नाही. जाऊबाईंचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं.

पैसे आले नसते तर पुढच्या पायऱ्याही मी काढून ठेवल्या होत्या. आधी कंपनीकडे लेखी तक्रार. मग विमा नियामकाचं 'बिमा भरोसा' किंवा १५५२५५ हा क्रमांक. तरीही नाहीच झालं तर विमा लोकपाल, तिथे फी लागत नाही. बँक किंवा वित्तसंस्थेबद्दलच्या तक्रारीची माहिती रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ वर मिळते.

सह्या करण्याआधीच सावध राहिलं तर हे काहीच करावं लागत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या वैयक्तिक कर्जासोबत मुख्य माहिती पत्रक द्यावं लागतं, तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. विम्याचा खर्च त्यातल्या वार्षिक दरात धरलेला असतो. ते मराठीत मागा. ओटीपी सांगण्याआधी "हा कशाचा?" हे विचारा.

आता कुणी म्हणेल, विमा वाईटच का? मुळीच नाही. आपल्याच जिल्ह्यात जुलै २०२३ मध्ये मलकापूर अर्बन बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा ठेवीदारांना आधार होता तो ५ लाखांपर्यंतच्या ठेव विम्याचाच. घर एकट्याच्या कमाईवर चालत असेल आणि दुसरा विमा नसेल, तर कर्जाला संरक्षण हवंच. फक्त ते विचारून, समजून आणि खरी माहिती देऊन घ्यावं.

म्हणून पुतण्याला मी तसंच सोडलं नाही. घरात दोन लहान मुलं आहेत. त्याचं वय ४१, तेव्हा वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचं संरक्षण देणारी प्रधानमंत्री जीवन ज्योती योजना त्याच्या बचत खात्यावर सुरू केली. ५० वर्षांपर्यंत तीत नाव घालता येतं. शिवाय एका साध्या टर्म पॉलिसीचा अर्ज भरलाय. मधुमेहाच्या रकान्यात त्याने स्वतःच्या हाताने 'होय' लिहिलं. हप्ता थोडा जास्त बसेल. बसू दे. खऱ्या माहितीवर उभा असलेला विमा वेळेला सुनेच्या आणि नातवंडांच्या कामी येईल.

तुमच्या घरी वर्षभरात कुणी कर्ज घेतलं असेल, तर आज दुपारी सामायिकानंतर तो कागद काढा. मंजूर रक्कम आणि जमा रक्कम एकाखाली एक लिहा आणि वजाबाकी करा. फरक कशाचा आहे हे घरातल्या प्रत्येकाला सांगता आलं पाहिजे.

जय जिनेंद्र.