विनंती विशेष

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अर्जाला अजून कुणी स्थान दिलेले नाही. वास्तविक आपल्याकडे कवितांपेक्षा अर्जच अधिक लिहिले जात असतील. त्यांचा वाचक मात्र एकच, आणि तोही घाईत असलेला. अशा वाचकाला एका पानात आपलेसे करायचे, हे सुनीत रचण्याइतके सोपे नाही!

आमच्या अंबाजोगाईत मला निवृत्त शिक्षक म्हणून ओळखणारे थोडे. 'अर्ज लिहून देणारे सर' म्हणून ओळखणारे पुष्कळ. हा उद्योग तसा जुनाच. १९४८ पर्यंत आमचा बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारदरबारची भाषा उर्दू होती. जिला ती येत नसे अशी मंडळी दुसऱ्याकडून दरख्वास्त लिहून घेत. राज्य गेले, भाषा बदलली, दौत जाऊन संगणक आला. पण स्वतःविषयी चार ओळी लिहायच्या म्हटल्या की माणूस अजून दुसऱ्याच्या दारात येतो.

यात लाजण्यासारखे काही नाही. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो द विंचीने मिलानच्या लुदोविको स्फोर्झाकडे नोकरीसाठी पत्र धाडले. त्याचा जो मसुदा शिल्लक आहे, त्यातले अक्षर लिओनार्दोचे नाही असे जाणकार मानतात. म्हणजे त्यालाही कुणी 'सर' भेटले असावेत! पण मजकूर पाहा. लुदोविकोला लढायांची काळजी. म्हणून आधी हलके पूल, तोफा, वेढ्याची साधने असे क्रमवार मुद्दे, आणि चित्रकला अगदी शेवटी. समोरच्याची गरज आधी, आपली हौस नंतर. अर्जाची सारी विद्या यात आली.

आमची मुले मात्र जन्मवेळ सोडून सारी कुंडली मांडतात आणि खाली लिहितात, 'मी मेहनती व प्रामाणिक आहे.' अहो, असे कोण नाही म्हणेल? काय केले, किती केले, किती दिवस केले, ते सांगा.

गेल्या वर्षी वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली एक मुलगी आली. एका पतसंस्थेत हिशेबनिसाची जागा होती. 'अनुभव' या रकान्यात तिने लिहिले होते, 'नाही'. आईवडील ऊसतोडीला जाणारे. बारावीपर्यंत तीही त्यांच्याबरोबर कारखान्यावर जाई.

"तिथे काय करायचीस?"

"काही नाही सर. वही लिहायची."

वही! कुणी किती उचल घेतली, कोणत्या गाडीचे वजन किती भरले, कुणाचा किती खाडा पडला. भावकीतल्या सात कोयत्यांचा हिशेब, पाच हंगाम. (आमच्याकडे कोयता म्हणजे नुसते हत्यार नव्हे, नवराबायकोची जोडी.) मुकादमाच्या वहीशी तिची वही ताडून पाहत.

"मग 'नाही' कसे?"

ती खाली पाहत म्हणाली, "लिहिले तर त्यांना कळेल ना सर, आम्ही ऊसतोडे ते."

मी दोन अर्ज तयार केले. एक वहीसकट, एक वहीवाचून. म्हटले, घरी ने, आईला वाचून दाखव. दुसऱ्या दिवशी तिने वहीचा अर्ज परत आणला. मी लिहिले होते, 'हिशेबात मदत केली.' ते खोडून तिने लिहिले होते, 'हिशेब ठेवला.' आणि शेवटच्या 'कृपाभिलाषी'च्या जागी 'विश्वासू'.

ती जागा तिला मिळाली नाही. दोन महिन्यांनी दुसरीकडे मिळाली. तिथल्या गरजेप्रमाणे तिने अर्ज नव्याने मांडला होता. वहीची ओळ मात्र तशीच ठेवली होती.

दिवाळी सरता सरता आमच्या गावांतून पुन्हा गाड्या कारखान्यांकडे निघतील. कुणीतरी वही बरोबर घेईलच. तुमच्या घरीही 'अनुभव : नाही' म्हणणारे कुणीतरी असेल, कदाचित या क्षणी चकल्या तळत असेल. फराळ झाला की त्यांना एकदा नीट विचारून पाहा.