काशीदचा डबा आणि दोन यंत्रे

कोठेतरी लपविलेला डबा उपग्रहांच्या साहाय्याने हुडकून काढावयाचा, आतील वहीत आपले नाव लिहावयाचे आणि डबा होता तसा पुन्हा झाकून निघावयाचे, असा एक खेळ अमेरिकेत सुरू होऊन आता जगभर पसरला आहे. त्यास जिओकॅशिंग म्हणतात. त्याचा जन्म मोठा कौतुकास्पद आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरत असतात. पूर्वी त्यांच्या संदेशांत सामान्य जनांसाठी मुद्दाम चूक मिसळलेली असे. त्यामुळे दाखविलेली जागा शंभर मीटरपर्यंतही चुकावयाची. मे २००० च्या आरंभी अमेरिकी सरकारने ही भेसळ बंद केली, आणि ३ मे रोजी ऑरेगॉन प्रांतात डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने एक बादली रानात ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. पहिला डबा तो हाच.

त्या काळी खेळणारास दोन खिसे भरावे लागत. एका खिशात जीपीएसचा संच. तो आकडे दाखवी. दुसऱ्या खिशात ‘पाम’सारखे टिपणयंत्र, ज्यास ऑर्गनायझर म्हणत. त्यास उपग्रहांची ओळख नसे, परंतु डब्याचे वर्णन, खुणा व सूचना त्यात भरून नेता येत. एकाजवळ अंक, दुसऱ्याजवळ शब्द. पुढे मोबाइलने दोन्ही खिसे एकच केले, आणि आता मुले विचारतात की वेगळा संच घ्यावयाचा तरी कशासाठी? आमच्या घरी हा प्रश्न काशीदच्या एका डब्यावरून निघाला.

आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, या खेळाची गोडी उतारवयात लागली. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी काशीदला सुरूच्या बनामागे असलेल्या एका परिचिताच्या वाडीत, त्यांची परवानगी घेऊन, दगडी गडग्याच्या खबदाडीत पत्र्याचा डबा ठेवला होता. आत एक वही. तीत घरातील सर्व लहानथोरांनी एकेक ओळ लिहिली होती. अण्णांनी आपल्या रोजनिशीत टिपण केले : ‘वाटेवरील तिसऱ्या मोठ्या सुरूसमोर’, आणि त्याखाली अक्षांश-रेखांश. पुढे ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. काशीदच्या सुरूच्या बनाची त्या दिवशी काय दैना झाली ती ज्यांनी पाहिली त्यांस सांगावयास नको. तिसरा सुरू कोणता, हे सांगावयास पहिला आणि दुसराही जाग्यावर उरले नाहीत. शब्द असे निरुपयोगी झाले. अंक मात्र वाऱ्याने हलत नाहीत.

अण्णांचे गुडघे आता वाळूत चालू देत नाहीत. “वही राहिली असेल का रे?” असे ते अधूनमधून विचारीत. शेवटी गेल्या हिवाळ्यात आम्ही निघालो. बहिणीचा मुलगा नववीत आहे, त्याने हट्ट धरला, “मामा, मोबाइल घेऊन काही व्हावयाचे नाही, खरा जीपीएस संच विकत घ्या.” आमचे मेहुणे म्हणाले, तेवढ्या पैशांत एक साधा मोबाइल येतो. मी मध्यम मार्ग काढला : एका गिरिभ्रमण करणाऱ्या स्नेह्यांचा संच मागून आणला, आणि मोबाइल तर होताच.

पहिली अडचण यंत्राची नव्हे, गणिताची निघाली. अण्णांनी अंश व मिनिटे लिहिली होती. मोबाइल अंश व दशांश दाखवीत होता. काशीद स्थूलमानाने १८ अंश २६ मिनिटे उत्तर व ७२ अंश ५४ मिनिटे पूर्व येथे आहे. ही मिनिटे दशांश समजून कोणी १८.२६ आणि ७२.५४ असे भरले, तर जागा सुमारे १९ किलोमीटर दक्षिणेस आणि ३८ किलोमीटर पश्चिमेस सरकते, आणि बाण थेट अरबी समुद्रात नेतो. मिनिटांस साठाने भागिले की १८.४३ व ७२.९० होतात. विद्यार्थी मित्रांनी हे एकवार स्वतः करून पाहावे.

दुसरा एक गैरसमज मेहुण्यांचा होता, तो पुष्कळांचा असतो : रेंज गेली की मोबाइलचा जीपीएसही गेला. तसे नाही. स्थान काढावयास किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात, मनोऱ्याचे नव्हेत. मनोऱ्यामुळे उपग्रहांची माहिती चटकन मिळते, इतकेच. ती नसेल तर थोडा वेळ उघड्या आकाशाखाली थांबावे लागते. रेंजवाचून अडतो तो नकाशा, आणि तो घरून उतरवून नेता येतो.

तरीही संचाचे गुण मी नाकारणार नाही. भर उन्हात त्याचा पडदा स्पष्ट वाचता येतो, ओल्या वाळूत पडला तरी जीव धस्स होत नाही, आणि तो दोन पेन्सिल-सेलांवर सबंध दिवस चालतो. ते सेल काय, कोणत्याही लहान दुकानात मिळतात. मोबाइलवर दुपारपर्यंत मुलांनी इतकी छायाचित्रे काढली की त्याची विद्युत निम्म्यावर आली. शिवाय त्याच्या झाकणात लोहचुंबक होते. त्याने होकायंत्र भलतीच दिशा दाखवू लागले. येथून जवळच अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांनी कुलाब्याच्या वेधशाळेतील सुया बिघडतील, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागेस आणण्यात आले. तीच गोष्ट आमच्या खिशातल्या झाकणाने लहान प्रमाणावर करून दाखविली!

एक दोष मात्र दोघांतही सारखाच : बाण सरळ रेषेत जातो. मध्ये ओहोळ आहे की भरती चढते आहे, हे त्यास ठाऊक नसते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी येथून वीसेक किलोमीटरवर, मुरूडच्या समुद्रात, पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. म्हणून आम्ही ओहोटीची वेळ गावकऱ्यांस विचारूनच निघालो, आणि पाण्याच्या अंगास मुलांनी जाऊ नये असे बजाविले. पालकांनी यंत्र कोणतेही द्यावे, ही चौकशी आधी करावी.

वाडीशी पोहोचलो. उघड्या वाळूवर दोन्ही यंत्रांचे अंक जवळजवळ एक होते. आंब्याच्या दाट छायेत शिरताच मोबाइलचा ठिपका इकडेतिकडे उड्या मारू लागला. संच जरा स्थिर होता, तथापि त्याचेही बोट पाचसात मीटरच्या आत थांबेना. गडगा एका अंगास ढासळला होता. दोघांनीही आम्हांस त्या ढिगापाशी आणून सोडले आणि तेथे त्यांचे काम संपले. भाचा पडद्याकडे पाहत उभा असता त्याची धाकटी बहीण म्हणाली, “हा दगड कोणीतरी नीट बसवलेला दिसतो.” त्याच्याच मागे डबा होता.

पत्रा खाऱ्या हवेने पार गंजला होता, वहीची पाने एकमेकांस चिकटली होती. परंतु लिखाण शिसपेन्सिलीचे असल्यामुळे शाबूत राहिले होते. (जुन्या टिपणयंत्रांपैकी पुष्कळांचे सेल संपले की सारी टिपणे पुसली जात, हे येथे आठवते.) अण्णांची ओळ सर्वांत वर होती. मुलांनी तिचे छायाचित्र मोबाइलवर तेथल्या तेथे त्यांस धाडले. हे काम संचास साधले नसते, हेही खरे.

संच घ्यावयाचा की नाही, यावर माझे मत असे : किनारा, गाव, वाडी यांसाठी घरचा मोबाइल पुरे, नकाशा मात्र आधी उतरवावा. सह्याद्रीत दोनतीन दिवस फिरणाऱ्या मंडळींनी सर्वांत मिळून एक संच ठेवावा. फणसाडच्या अभयारण्यात डबे लपविण्याचा विचारही करू नये. परदेशातील नातलग उपग्रहावरून निरोप धाडणारा संच भेट देऊ म्हणाले, तर आपल्याकडे त्यास सरकारी परवानगी लागते हे ध्यानात असू द्यावे.

डबा आम्ही नवा, प्लॅस्टिकचा ठेविला आहे. वही तीच, वाळवून. रोजनिशीत अण्णांनी या वेळी अंश दोन्ही पद्धतींनी लिहून घेतले. भाच्याचा हट्ट अद्याप पुरता निवालेला नाही. मेहुण्यांनी त्यास दहावीचा निकाल लागेपर्यंत थांबावयास सांगितले आहे.