तिथीची पाऊणपट

लहान मुलांना घेऊन समुद्रातला किल्ला बघायला जायचं, तर निघायची वेळ घरातल्या कुणी ठरवायची नसते. ती समुद्र ठरवतो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यापर्यंत ओहोटीला चालत जाता येतं आणि भरती आली की तीच वाट पाण्याखाली जाते. माझे आजोबा नागावचे. कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं एक तोंडी गणित त्यांनी आम्हा नातवंडांना पाढ्यांच्या आधी शिकवलं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, आली ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी.

पण एवढ्यावर भागत नाही. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, म्हणून सहलीला सोयीची वाटते. मात्र अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती-ओहोटी असते, पाणी फारसं चढत नाही तसं फारसं हटतही नाही आणि मोठ्यांच्या गुडघ्याएवढं पाणी म्हणजे चार वर्षांच्या मुलाच्या जवळजवळ कमरेएवढं. पौर्णिमेला उधाण, तेव्हा समुद्र लांबवर मागे जातो, पण पहाटे आणि तिन्हीसांजेला. म्हणून मधली तिथी धरायची, चतुर्थी किंवा पंचमी. पाणी बऱ्यापैकी हटलेलं असतं आणि वाट सकाळी नऊ-दहाला मोकळी होते. किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे आणि चतुर्थीला सकाळी त्याच्यापर्यंत पायी जाता येतं. माझ्या आजीच्या लेखी यात योगायोग काहीच नव्हता.

आम्ही मुंबईची मुलं. भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवस, तिथून एसटी. नागावला पोचलं की दुसऱ्याच दिवसापासून आजोबांच्या मागे लागायचं, चतुर्थी कधी? त्या वाटेवरची वाळू पायांना अजून आठवते. पाणी ओसरताना तिच्यावर कडक वळ्या उठतात आणि अनवाणी चाललं की तळव्यांना टोचतात. बारीक खेकडे बिळाभोवती वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून ठेवतात, त्यांची नक्षी मोडू नये म्हणून आम्ही उड्या मारत चालायचो. खडकांवर बायका उकिडव्या बसून लोखंडी हत्यारानं कालवं काढत असायच्या. त्या शिंपल्यांची धार ब्लेडसारखी, म्हणून खडक आला की चपला घातल्याच पाहिजेत, हा आजोबांचा एकमेव कडक नियम.

किल्ल्यापाशी पोचल्यावर ते इतिहास सांगत बसायचे नाहीत. आधी तटाला हात लावायला लावायचे. बाहेरच्या तटाचे दगड चुन्याशिवाय, नुसते एकावर एक रचलेले आहेत. फटीत बोट घातलं की आत गार ओल लागते. लाट आदळते तेव्हा पाणी या फटींमधून आत शिरतं, त्याचा जोर तिथंच जिरतो आणि ते निथळून परत जातं. चुन्यानं फटी बुजवल्या असत्या, तर प्रत्येक लाटेचा सगळा धक्का भिंतीनं अंगावर घेतला असता. १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी हे बांधकाम सुरू केलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं, हे शाळेत पुढे कधीतरी कळलं. भिंत कशी टिकली ते बोटाला आधीच ठाऊक होतं.

पुढे आम्ही पुण्यात राहायला आलो आणि माझ्या दोन मुलींना घेऊन खोपोली-पेण करत अलिबाग गाठू लागलो. आजोबा तेव्हा नव्हते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी चतुर्थी-पंचमीला पेन्सिलीनं खुणा करून ठेवायची. मुलींबरोबर जाताना एक गोष्ट मला पक्की कळली. मोठ्यांना किल्ला पुरा बघायचा असतो, मुलांना किल्ल्यातली एक जागा पुरते. थोरलीची जागा उत्तरेच्या तटावरच्या दोन तोफांपाशी. चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या त्या लोखंडी तोफांवर इंग्रजी अक्षरं कोरलेली आहेत. ती नुकतीच एबीसीडी शिकली होती, बोटानं एकेक अक्षर गिरवत तिनं यॉर्कशायर हा शब्द जुळवला आणि विचारलं, इंग्लंडची तोफ इथं कशी? तोफ बरीच नंतरची, पण इंग्रजांचा विषय निघाला म्हणून मला सांगावंच लागलं, की १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजी आंग्र्यांच्या या किल्ल्यावर चालून आले होते आणि तो त्यांना घेता आला नाही. तिच्या प्रश्नातून आला म्हणून तो इतिहास तिच्या डोक्यात राहिला, मी आधीच ऐकवला असता तर राहिला नसता, याची मला खात्री आहे.

धाकटीला गोड्या पाण्याच्या विहिरीनं वेड लावलं. चारी बाजूंना खारं पाणी आणि मधे गोडं कसं? पावसाचं पाणी मुरतं, खाऱ्यापेक्षा हलकं असतं, म्हणून वर राहतं, असं मी सांगितलं. तिनं घरी येऊन ग्लासात मीठ ढवळून आठवडाभर प्रयोग केले. त्या वर्षीच्या दिवाळीत आमच्या अंगणातला किल्ला परातीत झाला. भोवती पाणी, मातीच्या तटावर अळीव उगवलेलं आणि मावळे दाराशी ओहोटीची वाट बघत उभे. शेजारच्या मुलांचे सगळे किल्ले डोंगरी होते.

मुरुडहून होडीनं एकदा पद्मदुर्गालाही नेलं त्यांना. तिथं सगळं उलटं. तटाचे दगड खाऱ्या वाऱ्यानं आणि लाटांनी झिजून आत गेलेत आणि दोन दगडांमधला चुना मात्र जागच्या जागी, चौकटीसारखा बाहेर आलेला. धाकटी त्या रिकाम्या चौकोनांत मूठ घालून बघत होती. एका किल्ल्यात चुना नाही म्हणून भिंत टिकली, दुसऱ्यात दगडापेक्षा चुना जास्त टिकला. दोन्ही बांधणाऱ्यांना समुद्र कळला होता. कुलाब्याच्या त्याच फटींमध्ये आता अधूनमधून प्लॅस्टिकच्या पिशव्या कोंबलेल्या दिसतात, तेव्हा जीव तुटतो. २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात अलिबाग तालुक्यातला खांदेरी आहे, कुलाबा नाही. यादी त्यांची. माझ्या यादीत तो पहिला आहे.

थोरली आता इंग्लंडमध्ये, प्लिमथला असते. गेल्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा तिनं जाऊन-येऊन एका दिवसाची सहल ठरवली. कॉर्नवॉलमध्ये मराझायन गावासमोर समुद्रात सेंट मायकेल्स माउंट नावाचा खडक आहे. त्याच्या माथ्यावर किल्ला आणि किनाऱ्यापासून तिथवर दगडी फरसबंदीची वाट, ओहोटीला उघडी पडणारी. १९५४ पासून तो नॅशनल ट्रस्टकडे आहे आणि ज्या घराण्याचा तो होता ते अजून तिथं राहतं. निघताना सवयीनं मी तिथी बघितली. वद्य द्वितीया. पाऊणपट केली तर दीड वाजता भरती. थोरली म्हणाली, आई, दीड वाजता तर वाट पूर्ण मोकळी असते.

नऊ वर्षांची नात गाडीत मागे बसून ऐकत होती. तिनं तिथल्या भरतीच्या वेळा मागून घेतल्या, आदल्या आठवड्याच्याही, आणि वहीत उतरवल्या. चंद्र तोच, पण त्याच्यामागून येणारं पाणी प्रत्येक किनाऱ्याला आपापल्या वेळी पोचतं, कारण किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली जागोजाग वेगळी. मात्र दर तिथीला ते पाऊण तासाच्या आसपास मागे पडतं, ते अलिबागला तसंच आणि मराझायनलाही तसंच. पोचेपर्यंत तिनं सूत्र काढलं होतं, तिथीची पाऊणपट अधिक सहा. मग म्हणाली, हिवाळ्यात घड्याळ एक तास मागे नेतात, तेव्हा अधिक पाच. आजोबा असते तर त्यांनी तिला उचलून घेतलं असतं.

वर जाणाऱ्या वाटेवर एक बदामाच्या आकाराचा दगड फरसात बसवलेला आहे. इथं एक राक्षस राहायचा, जॅक नावाच्या पोरानं त्याला मारलं आणि हे त्याचं काळीज, अशी तिथली गोष्ट. दगडावर उभं राहिलं तर धडधड जाणवते म्हणे. चार वर्षांचा नातू त्यावर उभा राहिला तो हलेचना. वर चिलखतं आहेत, तलवारी आहेत, चल लवकर, पाणी चढेल, अशी त्याच्या आईची घाई. मी तिला म्हटलं, तू तोफेपाशी किती वेळ बसली होतीस आठवतं का? तिला आठवत होतं. ती आणि नात वर जाऊन आल्या. आम्ही दोघं त्या दगडापाशीच थांबलो आणि तो मला दर थोड्या वेळानं सांगत होता, आत्ता वाजलं.

या डिसेंबरात ती सगळी येणार आहेत. नातीनं चतुर्थी आधीच शोधून ठेवली आहे आणि मला फोनवर ओहोटीची वेळ सांगितली आहे, या वेळी अधिक काहीही न करता. जावयांचं म्हणणं, त्याच दिवशी दुपारी मुरुडला जाऊन जंजिराही उरकून घेऊ. मी नको म्हटलंय. राजपुरीहून शिडाच्या होडीत बसायचं आणि मग जंजिऱ्याच्या दरवाजावर पंजांत हत्ती धरलेलं ते जनावर. नातू तिथून तासभर हलणार नाही. जंजिरा दुसऱ्या दिवशी.